नाळेची वाट

मागे राहिलेला माणूस ‘जरा थांब’ असे का म्हणत नाही?

एका धाकट्या भावाने हा प्रश्न गावातल्या जाणत्यांना विचारला, देवळातल्या गुरवाला विचारला, कड्याकडे तोंड करून डोंगरालाही विचारला. उत्तर कोणीच दिले नाही. तुम्ही लहान असा की थोर, गोष्ट ऐका आणि जमले तर तुम्ही सांगा.

कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी, एका उंच डोंगराखालच्या गावात एक म्हातारी आणि तिचे दोन मुलगे राहत होते. मुलगी डोंगरावरच्या पठारावर दिली होती. म्हातारी अंथरुणाला खिळली. वैद्याने नाडी पाहिली आणि दोघा भावांना अंगणात नेऊन सांगितले, तीन दिवस धरून चाला, पुढचे देवाला माहीत. म्हातारीचे मागणे एकच होते, लेकीचे तोंड दिसावे. दुसऱ्या दिवशी फटफटताच दोघे भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला निघाले.

थोरला अंगाने जड. त्याचा एक गुडघा नीट वाकत नसे. चालणे सावकाश, बोलणे त्याहून सावकाश. धाकट्याच्या पायाला मात्र भिंगरी. त्याला विचार सुचायचा तो काम होऊन गेल्यावर.

डोंगर सुरू होतो तिथे वाटेला दोन फाटे होते आणि फाट्यावर एक म्हातारा गवळी म्हशी चारत बसला होता. त्याने दोन्ही वाटा समजावून दिल्या. ढोरवाट वळणे घेत जाते, सांजेपर्यंत वर पोचवते. दुसरी वाट नाळेची, दोन कड्यांमधल्या दगडांनी भरलेल्या घळीतून सरळ वर. ती दुपारच्या आत माथ्यावर नेते.

“पण नाळेतले दगड अजून बसलेले नाहीत,” गवळी म्हणाला. “पुढच्याच्या पायाखालचा सुटतो तो मागच्यावर येतो. जायचेच असेल तर हाताला हात लागेल इतके जवळ चाला, बाबांनो. दगडाला धावायला जागा मिळता कामा नये.”

थोरल्याने बोटांवर हिशेब केला. चढायला एक दिवस, बहिणीला घेऊन उतरायला एक. दोन दिवसांत घरी. ढोरवाटेने जाऊ, असे तो म्हणाला.

“आणि वैद्य चुकला असेल तर?” धाकटा उसळला. “तुला आईपेक्षा गुडघा प्यारा आहे, दादा. डोली मागवू का तुझ्यासाठी?”

गवळ्याने मान फिरवली. थोरल्याने धोतराचा काचा आवळला आणि तो नाळेकडे वळला.

सुरुवातीला दोघे जवळ जवळ चालले. पण धाकट्याला आईचे डोळे दिसत होते, आणि त्याचे पाय ऐकेनात. अंतर पडत गेले. त्याने वरूनच हाळी दिली, येतोस ना? खालून थोरला म्हणाला, आलो. थोड्या वेळाने पुन्हा हाळी, पुन्हा तेच उत्तर. धाप लागलेला माणूस दोन अक्षरांत जेवढे लपवू शकतो, तेवढे त्याने लपवले.

मग माथा दिसला. धाकट्याने आनंदाने उडी घेतली आणि त्याच्या पायाखालचा घागरीएवढा दगड हलला. आधी तो आवाज न करता घसरला. मग त्याने दुसऱ्याला सोबत घेतले, दुसऱ्याने दहांना. धाकटा ओरडला, दादा, बाजूला हो. थोरल्याने ऐकले. त्याच्या गुडघ्याने ऐकले नाही.

बहिणीच्या सासरची माणसे दोर घेऊन नाळेत उतरली. दुसऱ्या दिवशी पठाराच्या कडेला थोरल्याची चिता पेटली. तिसऱ्या दिवशी बहीण-भाऊ ढोरवाटेने खाली आले. घाई कोणीच केली नाही, आणि तरी ऊन उतरण्याआधी ते घरी पोचले.

आई जागी होती. तिचे डोळे दाराकडेच होते. नाळेने वाचवलेल्या अर्ध्या दिवसाची तिला गरजच पडली नव्हती.

तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. लेक हुंदके देत होती. भेटीचे रडे आहे, असे आईला वाटले. मग तिने विचारले, “थोरला कुठे रे?”

“मागे आहे,” धाकटा म्हणाला.

“पाय दुखत असेल त्याचा. त्याला घाई करू नकोस हो.”

“नाही करणार, आई.”

तिचा श्वास वर लागला, तेव्हा धाकट्याने पळी हातात घेतली. पहिली पळी थोरल्याच्या वाटची तिच्या तोंडात घातली, दुसरी स्वतःच्या वाटची. आई आणि दादा, दोघांसाठी त्याला करता आले ते एवढेच, आणि तेच शेवटचे.

म्हणून सांगतो, सोबतीने निघालात तर सर्वांत मागे जो चालणार, त्याच्या पायांना विचारून वाट निवडा.