तोंड फिरवलेलं इंजिन

अगं, तो चहा राहू दे बाजूला, आधी हे ऐक, आज सकाळी कार्यालयात काय झालं ते. जुन्या गोष्टींत असतं ना, एकदा एका गुरूंनी शिष्येची परीक्षा घेतली, अगदी तस्सं. फक्त आश्रमाच्या जागी नाशिकचं मंगल कार्यालय, सध्या मुहूर्त नाहीत म्हणून रिकामं पडलेलं, आणि प्रदर्शनासाठी पंगतीच्या टेबलांवर स्टेशनासकट मांडलेली एवढीशी आगगाडी. खेळण्यातली म्हणू नकोस हं, ओगले सर दुखावतात. ती प्रतिकृती.

तर ओगले सर म्हणजे गुरू. पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवायचे, आता रिटायर. शिष्या म्हणजे ऊर्वी, एका आर्किटेक्टकडे इमारतींची मॉडेलं करते. या मंडळींचा नाद असा की दुकानातले तयार रूळ घ्यायचेच नाहीत. तांब्याचा पातळ थर असलेल्या बारीक पट्ट्या कापायच्या, ते झाले रुळांखालचे स्लीपर, आणि त्यावर भिंगातून बघत बघत रूळ सोल्डर करायचा, म्हणजे डाग देऊन जोडायचा. दुकानातलं इंजिन त्यावर चालत नाही, कारण त्याच्या चाकांची आतली कड जाड. मग इंजिन उघडायचं, जुनी चाकं काढायची, बारीक कडेची नवी बसवायची. दोन चाकांतलं अंतर बरोबर आहे का हे बघायला एक पितळी तुकडा असतो, त्याला म्हणायचं गेज. रुळांसाठीही तसंच एक गेज. सगळी अक्कल त्या दोन तुकड्यांत.

आणि सगळ्यात अवघड काय, तर सांधा. एका लाइनीच्या दोन होतात ती जागा. तिथे रूळ रुळाला छेदतो, आणि चाकाची कड जायला मधे एक फट ठेवावी लागते. फट मोठी झाली तर चाक खाली पडतं, लहान झाली तर चाक वर चढतं. स्टेशनातली प्रत्येक गाडी त्याच सांध्यावरून जाणार. इतकी वर्षं तो सरच बनवायचे. आता त्यांचा हात थरथरतो. यंदा त्यांनी तो ऊर्वीला दिला.

यावर कटारिया शेठ बोललेच. पाइप-फिटिंगचं दुकान आहे त्यांचं, आणि इंजिनांचं वेड सरांइतकंच. "सर, अख्ख्या स्टेशनचं नाक पोरीच्या हाती दिलंत. कापलं गेलं तर तिचं नाही, तुमचं जाईल."

सर म्हणाले, "बघू."

ऊर्वी तिथेच उभी होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. माझा सांधा चालला नाही, तर लोक सरांना हसतील. आणि पुन्हा मला कुणी रुळाला हात लावू देणार नाही.

म्हणून आज सगळ्यांच्या आधी येऊन तिने स्वतःचं इंजिन रुळावर ठेवलं. स्वतः चाकं बदललेलं, काळंभोर. गेलं की सुरेख. सांध्यावरून या लाइनीवर, परत मागे, त्या लाइनीवर, परत मागे. एक धक्का नाही. शेठ टेबलाशी वाकून बघत होते, म्हणाले, "चला बुवा, मानलं. लोण्यातून सुरी गेल्यासारखं." बाहेर पायऱ्यांवर शाळेची मुलं येऊन थांबायला लागली होती. दार उघडायला फार वेळ नव्हता.

 सर पुढे आले, दोन्ही हातांनी इंजिन अलगद उचललं, त्याचं तोंड उलट्या दिशेला फिरवलं आणि पुन्हा रुळावर ठेवलं.

"सर, हे कशाला?" ऊर्वी म्हणाली.

सरांनी फक्त बोटाने खूण केली, चालव.

तिने बटण फिरवलं. इंजिन निघालं, सांध्यापाशी आलं, टक् असा आवाज झाला, आणि ते कलंडून रुळाशेजारी पडलं. तेच इंजिन, तोच सांधा. परत ठेवलं, परत पडलं.  ऊर्वीचा हात आपोआप कानशीकडे गेला. बारीक कानस, सुईसारखी. "एवढंसं अडतंय सर, आत्ता घासते."

सरांनी तिच्या हातातून कानस काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"याआधी किती वेळा घासलंस?"

 ती म्हणाली, "इंजिन जिथे अडखळलं, तिथे तिथे."

"आणि गेज?"

"आधी लावलं होतं, रूळ बसवताना. नंतर... इंजिन चालत होतं ना सर. पुढे, मागे, दोन्ही बाजूंनी चालत होतं."

"मागे येताना इंजिन उलटं धावतं, पण त्याचं तोंड फिरत नाही. त्याची डावी बाजू डाव्याच रुळावर राहते. उचलून फिरवलं की ती उजव्या रुळावर येते."

सरांनी इंजिन आडवं करून चाकांत गेज घातलं. एका जोडीत ते अडकलं. चाक दाबून बसवताना एक बाजू किंचित जास्त आत गेली होती. केसाएवढी. मग रुळाचं गेज सांध्यावर ठेवलं, तर ते तिथे डुगडुगलं, घासून घासून माप सुटलं होतं.

शेठ आता खरंच काळजीत होते, चिडवायचंही विसरले. "ऐका माझं. पोरी, तू रडू नको. इंजिन सरळ करून ठेव आणि दिवसभर तसंच पळव. ती मुलं काय इंजिन उचलून फिरवून बघणारेत? माझी गाडी मी काढतच नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आणि खरं सांगू, त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. ऊर्वीने सरांकडे बघितलं. हो म्हणा एकदा, असंच तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. बाहेर मुलांचा गलका वाढत होता, त्यांच्या बाई दाराच्या काचेला नाक लावून आत बघत होत्या.

सर खुर्चीत बसले. आवाज जराही चढवला नाही.

"तुझं इंजिन जरासं वाकडं होतं, ऊर्वी. त्यात काही लाज नाही, सगळ्यांचीच होतात. पण ते अडखळलं तेव्हा तू त्याला तपासलं नाहीस, रूळ घासलास. त्याचं वाकडेपण तू थोडं थोडं करून रुळात नेऊन ठेवलंस. आता त्या दोघांचं छान जमतं, आणि तिसऱ्या कुणाचं जमणार नाही. आपल्या माणसाच्या सोयीने घासलेला रूळ दिसायला रूळच दिसतो. म्हणून मापाची वस्तू बाहेरची असावी लागते, ना आपल्या इंजिनाची, ना आपल्या रुळाची." मग म्हणाले, "शेठ म्हणतात तसंही करता येईल. मी काही बोलणार नाही. सांधा तुझा आहे, तू ठरव."

झालं. एवढंच बोलले, आणि उठून चहाच्या किटलीकडे गेले.

 ऊर्वीने इंजिन खोक्यात ठेवलं, सोल्डरिंग आयर्न लावलं, आणि ते तापेपर्यंत स्वतः जाऊन दार उघडलं. मुलं धावत आत आली. "गाडी कुठाय ताई?"

"गाडी थांबलीये. रूळ चुकलाय माझा. काढून परत बसवायचाय, बघायचंय का?"

शेठनी कपाळाला हात लावला. पण मुलांनी टेबलाला गराडा घातला बघ. तिने सगळ्यांसमोर घासलेले तुकडे वितळवून उपटले, नवीन कापले, आणि या वेळी प्रत्येक डाग देताना गेज रुळावरच ठेवलं.  एकदा रूळ सरकला, तिने तो पुन्हा काढला. एक मुलगी म्हणाली, "ताई, चालतंय की एवढं." ऊर्वी म्हणाली, "मला पण तसंच वाटलं होतं." दुसरी शाळा आली, ताटकळली, कुणी कुणी कंटाळून निघूनही गेलं. प्रदर्शनात गाडीच नाही म्हणून एक आजोबा बडबडले, तेही तिने ऐकून घेतलं.

दुपार व्हायला आली तेव्हा सांधा लागला. सगळ्यांना वाटलं, आता ती स्वतःचं इंजिन काढेल. ती शेठकडे वळली. "काका, तुमची गाडी द्या. माझी नको."

शेठनी आपलं लाडकं लाल इंजिन काढून रुळावर ठेवलं, हात मात्र तिथेच जवळ, पडलंच तर झेलायला. बटण फिरलं. इंजिन सांध्यावर आलं, आणि कुठे सांधा होता हे कळायच्या आत पलीकडे गेलं.  शेठनी हात हळूच मागे घेतला.

आणि सर? ते बघतसुद्धा नव्हते. पाठमोरे बसून एका मुलाला सिग्नलचा हात कसा पडतो ते दाखवत होते. ऊर्वीने एकदा त्यांच्या पाठीकडे बघितलं, आणि सांधा बरोबर आहे हे आता गेजने सांगायचं, सरांनी नाही, हे तिला उमगलं असावं, कारण तिने हाक मारली नाही.

मी तेव्हापासून विचार करतेय. म्हणजे बघ ना, दारात मुलं उभी, इंजिन एका तोंडाने मस्त पळतंय, गुरू म्हणतायत मी काही बोलणार नाही, आणि कुणाला कधी कळणारही नाही. खरं सांग, तू असतीस तर उखडला असतास तो सांधा?