भिंतीतला घोडा

हात मागे घ्या आधी. होडीवाल्याने सांगितलं असेल, घोड्याच्या नाकावरून हात फिरवला की भरभराट होते. तो पलीकडच्या काठाचा, त्याला सांगायला काय जातं. तुमच्यासारख्यांनी हात फिरवून फिरवून नाक गुळगुळीत केलंय. बाकीचा घोडा बघा, पावसाबर्फाने करडा पडलाय, भेगाळलाय, आणि नाक तेवढं लोणी चोपडल्यासारखं चकाकतंय.

आता प्रार्थनाघराकडे बघा. एवढंसंच आहे, आत दहा माणसं उभी राहिली की अकराव्याने दारात थांबायचं. सगळं पाइनच्या ओंडक्यांचं. एकावर एक आडवे रचलेत, कोपऱ्यात एकमेकांत खाचा पाडून अडकवलेत, फटींत शेवाळ ठासलंय. खिळा नाही. ओंडक्यांची टोकं कोपऱ्यावर एका ओळीत कापलीत बघा. फक्त हा एक ओंडका ओळ सोडून हातभर बाहेर आलाय, आणि त्याच्या टोकाला घोड्याचं डोकं. ते बघतंय कुठे? समोर ती खाजकुयलीने भरलेली रिकामी जागा आहे ना, तिकडे. पुस्तकात छापलंय म्हणे की सुताराची हौस. हौस कसली.

आणि नदीवरून येताना दुसरी गावं बघितली असतील. पेल्मा नदीच्या काठाला प्रत्येक छपराच्या शेंड्यावर लाकडी घोडा आहे, आकाशात मान काढून बसलेला. आमच्या गावात एकाही घरावर नाही. आमच्या छपरांची आढी समोरून सपाट तोडलेली. त्याचं कारण आणि या भिंतीतल्या घोड्याचं कारण एकच आहे. माझ्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने. गावात हे कुणी आनंदाने सांगत नाही. मला विचारलंत म्हणून सांगतो.

त्याआधी छप्पर कसं बसतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या जुन्या घरांत छपराच्या फळ्यांना खिळे मारत नसत. लोखंड महाग, आणि खिळ्याभोवती लाकूड कुजतं. दोन्ही उतारांच्या फळ्या नुसत्या रचायच्या आणि त्यांची वरची टोकं जिथे भेटतात तिथे एक जाडजूड ओंडका पालथा घालायचा, खालून खोबणी कोरलेला. ते आढं. त्याच्या वजनाखाली सगळ्या फळ्या दबून राहतात. आढं सगळ्यांत शेवटी चढतं. ते काढलं की घरावर छप्पर नसतं, फळ्यांची रास असते. झाड मुळासकट उपटलं की बुंध्याशी लाकूड वर वळलेलं मिळतं. तसलंच झाड आढ्याला घ्यायचं आणि त्या वळलेल्या टोकातून घोड्याची मान कोरायची.

असं सांगतात की फार पूर्वी या गावात साथ आली. कसली ते माहीत नाही. अंगात आग पडायची, ओठ काळे व्हायचे आणि माणूस जायचा. ती पहिल्यांदा आली कोंद्रातच्या घरात. कोंद्रात सुतार होता, खालच्या बंदरावर मिठाच्या वखारी बांधायला गेला, तिथून घेऊन आला आणि आठवड्यात गेला. मागे बायको उस्तिन्या आणि मुलगी ग्लाशा. मग घराघरांतून माणसं जायला लागली, आणि लोक उस्तिन्याच्या दाराकडे बघून थुंकायला लागले. तिच्या विहिरीवर कुणी जाईना. ती रस्त्यावर दिसली की बायका पोरांना आत ओढायच्या.

तेव्हा गावाने नवस केला. एका दिवसाचं प्रार्थनाघर. आमच्या मुलखात हा फार जुना नवस. सकाळी सूर्य उगवताना झाड जंगलात उभं असलं पाहिजे आणि सूर्य बुडायच्या आत प्रार्थनाघर छपरासकट उभं राहून त्यात मेणबत्ती लागली पाहिजे. प्रत्येक घराने एक ओंडका स्वतःच्या हाताने तोडून आणायचा. एकही घर सुटता कामा नये. एका दिवसात उभ्या राहिलेल्या वास्तूला अजून काही बाधायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून साथ तिथून पुढे सरकत नाही, असा समज. पण काम अर्धवट राहून रात्र पडली तर साथ त्यातच घर करते. मग त्या गावाचं काही खरं नाही.

कामाचा मुख्य होता सावेली. मेलेल्या कोंद्रातचा सख्खा भाऊ, आणि तोही सुतार. आदल्या दिवशी त्याने काठीने जमिनीवर माप आखलं. घरं मोजली, त्यावरून ओंडके मोजले, ओंडक्यांवरून भिंतीची उंची काढली.

दिवस शरदातला होता, आखूड. उन्हाळ्यापर्यंत थांबायला माणसं उरली नसती. पहाटेच सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरलं. उस्तिन्याही गेली. ग्लाशाला आदल्या दिवसापासून ताप होता, ओठांवर काळं दिसायला लागलं होतं. तिला भट्टीच्या ओट्यावर उबेला झोपवलं आणि ही गेली. एकटीने झाड पाडलं, फांद्या छाटल्या, घोडीला जुंपून ओढत आणलं. इथवर, तुम्ही उभे आहात तिथवर.

शेजारीण अन्फिसा वाटेत आडवी आली. म्हणाली, "तू कशाला आलीस? तुझ्या घरनं जे यायचं ते आलंय की गावात."

"अन्फिसा, नवरा पहिला माझा गेला. मला काय हौस होती? पोर पडलीये घरात. माझं लाकूड लागू दे."

"पोर पडलीये आणि तू तेच हात लावलेलं लाकूड देवाला देणार?"

सावेली खाच पाडत होता, त्याने मान वर केली नाही. मग चार बाप्ये पुढे झाले आणि हाताला फडकी गुंडाळून तिचा ओंडका नदीत लोटला. पेल्मेची ओढ जबर आहे. बघता बघता तो वळणाआड गेला. उस्तिन्या घोडी घेऊन घरी परत गेली.

काम झपाट्याने झालं म्हणतात. भिंती चढल्या, शेवाळ ठासलं, छपराचे वासे तयार झाले. सूर्य गावाच्या पश्चिमेला तळं आहे त्या बाजूला उतरला होता आणि सावेली शेवटच्या थरावर उभा राहून हात पुढे करून थांबला. ओंडका द्या म्हणून. खालून कुणी देईना, कारण ओंडका नव्हता. एका बाजूची भिंत एका ओंडक्याने खाली होती, तिच्यावर वासा टेकणार नव्हता.

त्याने आदल्या दिवशी घरं मोजली तेव्हा भावाचं घर धरलं होतं. जन्मभर धरत आला होता, तसंच धरलं. सकाळी ते घर वगळलं, पण माप तेच राहिलं.

जंगलातून नवं झाड आणायला वेळ नव्हता. कुणीतरी म्हणालं, "सकाळचा तिचा ओंडका," आणि तिथेच थांबलं. आता उरलं होतं ते घरांचंच लाकूड. मग जो तो आपापल्या घराकडे बघायला लागला, आणि दुसऱ्या कुणी तिकडे बघू नये म्हणून पुढे सरकून उभा राहिला. तेव्हा गावचा पाद्री बोलला. प्रत्येक घराचा एक ओंडका असा नवस आहे. ज्यांनी दिलाय त्यांच्याकडून दुसरा चालणार नाही. ज्या घराने दिला नाही त्याच घराचा पाहिजे.

सकाळी त्या घरचं लाकूड विटाळाचं होतं. संध्याकाळी त्याच घरचं लाकूड लागलं. आणि हे कुणाला विचित्र वाटलं नाही. उलट सगळे म्हणाले, बरोबर आहे, तिने दिलंच नाही अजून.

भिंतीतला ओंडका काढायचा तर घर उसवावं लागतं. झटकन निघतं ते आढं. खोबणी आधीच कोरलेली, वाळलेलं, तासलेलं, भिंतीवर नुसतं ठेवायचं. हे सावेलीला सांगावं लागलं नाही. तोच गेला.

आमच्याकडे माणसाला मान द्यायचा तर त्याच्या नावाला बापाचं नाव जोडून हाक मारतात. सावेलीने दारातून हाक मारली, "उस्तिन्या मातवेयेव्ना."

ती आतून म्हणाली, "मान देतोयस. म्हणजे काहीतरी न्यायला आलायस."

"आढं पाहिजे."

"सकाळी माझं लाकूड नदीत टाकलंत."

"सूर्य बुडतोय. अर्धवट राहिलं तर सगळेच जाऊ. तुझी पोरसुद्धा."

"आणि आज आमच्या डोक्यावर काय?"

"फळ्या आहेत की. वारा कुठे आहे? उद्या उजाडताच नवं करून बसवतो. कोंद्रातची शपथ."

"त्याचं नाव काढू नको. आढ्यावरचं डोकं त्यानेच कोरलंय, ग्लाशा जन्मली तेव्हा." मग ग्लाशाकडे बघून म्हणाली, "ने. पोर वाचू दे."

बाप्यांनी आढं उतरवलं. आता हाताला फडकी गुंडाळायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीवर ठेवलं तर असं बसलं की जणू तिथलंच होतं. फक्त लांबीला जास्त. डोकं तोडायला दोन घाव पुरले असते, पण सूर्याची कड पाण्याला टेकली होती, ते तसंच बाहेर राहू दिलं. वासे चढले, छप्पर झालं, मेणबत्ती लागली.

आणि नवस फळला. तसं सांगतात आणि मलाही त्यात खोटं दिसत नाही. त्या मेणबत्तीनंतर गावात साथीने कुणी मेलं नाही. ग्लाशाचा ताप त्याच संध्याकाळी उतरला. तिने प्यायला मागितलं.

सकाळी सावेली कुऱ्हाड घेऊन निघाला. खोटं का बोलू, निघाला होता. पाद्रीने वाटेत अडवलं. नव्या प्रार्थनाघराचा सण चालू आहे, सण उरकेपर्यंत लाकडाला लोखंड लावायचं नाही, लावलं तर बांधलेलं सगळं वाया जाईल. सावेली परत फिरला. इकडे पिंपं उघडली होती, जवाची बिअर वाहत होती, वाचलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि त्याच्या मागून बर्फ. उस्तिन्याच्या छपराच्या फळ्या एकेक करून उडायला लागल्या. आवाज गावभर ऐकू जात होता. लोक म्हणाले, सणाचे बार उडतायत.

ती पोरीला गोधडीत गुंडाळून अन्फिसाच्या दारी गेली. अन्फिसाने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "ताप उतरलाय म्हणतेस, पण माझ्या घरात पोरं आहेत गं. सण होऊन जाऊ दे." बाकीच्या दारांवरही तेच. सावेलीच्या दारी ती गेलीच नाही म्हणतात. मग परत आली आणि उघड्या घरात भट्टी पेटवत बसली. वर आकाश असताना भट्टी कुणाला ऊब देणार.

कुऱ्हाड नको तर नको. फळ्यांवर दगड ठेवता आले असते. दोर बांधता आले असते. दोन जीव कुणाच्याही कोपऱ्यात मावले असते. कुणी आडवं आलं नव्हतं. माझी आजी इथवर आली की चरखा थांबवायची.

सण उरकल्यावर सावेली नवं आढं घेऊन गेला. घोडीला जुंपून ओढत, चांगलं सरळ पाइनचं. घरात भट्टीच्या ओट्यावर बर्फ साचलं होतं आणि ग्लाशा त्याच्या खाली होती. आजारातून उठलेली पोर थंडीने गेली. उस्तिन्या ओट्याला टेकून बसली होती. सावेलीने विचारलं, "कुठे चढवू?"

ती म्हणाली, "कशावर चढवतोस? ठेव खाली."

त्याने ते अंगणात खाली ठेवलं. पोरीला पुरून उस्तिन्या नदीच्या काठाने वर निघून गेली आणि परत कुणाला दिसली नाही. साथीत किती माणसं गेली ते गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, पण त्यात ग्लाशाला धरत नाहीत. ती साथीने गेली नाही ना.

आता पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट ही आहे. ते आढं तिच्या अंगणात पडून राहिलं. सावेलीच्या पोराचं घर बांधायला निघालं होतं. एका सकाळी सावेली गेला आणि ते उचलून घेऊन आला. चांगलं लाकूड, कुजून काय उपयोग. त्याने ते पोराच्या घरावर चढवलं, मात्र घोड्याचं डोकं कोरलं नाही. भिंतीतला एक घोडा बघत होता तेवढा पुरे झाला असेल. पुढे कधीतरी गावाला आग लागली, अर्धं गाव जळलं आणि ते घर वाचलं. लोकांनी त्यावरून आपला अर्थ लावला, की तिच्या अंगणात राहिलेलं बिनघोड्याचं आढं घर राखतं.

म्हणून आजही आमच्या गावात नवं घर बांधलं की आढं थेट चढवत नाहीत. आदल्या संध्याकाळी सगळं गाव ते खांद्यावर घेऊन त्या खाजकुयलीच्या जागेत, म्हणजे तिच्याच अंगणात, जातं. तिथे जमिनीवर ठेवतात. घरधनी टोपी काढून म्हणतो, "उस्तिन्या मातवेयेव्ना, हे तुझं." बायका डोळे पुसतात, पाव आणि मीठ ठेवतात. माझ्याही घराचं आढं तिथे ठेवलं होतं, मीही टोपी काढली होती. सकाळी उजाडलं की तीच माणसं जातात, आढं उचलतात आणि परत आणून आपल्या छपरावर चढवतात. मग बिअर.

आजवर एकाही घराने ते तिथेच राहू दिलेलं नाही. चला, होडी थांबलीये तुमची. आणि नाकाला हात लावू नका म्हटलं ना.