माळावरचं यंत्र

वायरमनकीतून निवृत्त झालेल्या केंगारअण्णांना धातू शोधायचं यंत्र घेऊन माळ धुंडाळायचा भारी नाद. एकदा तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले ते कडाडतच, "सरकारी जागेत खणायची परवानगी आहे? यंत्र जप्त करीन! या मातीत जे आहे ते सरकारचं!"

"सरकारचंच शोधतोय, साहेब," अण्णा हात जोडून म्हणाले. "तुमची ही पाटी सांगते, इथं पाचशे झाडं लावून लोखंडी जाळ्या बसवल्या. झाडं शेरडांनी खाल्ली असतील, पण शेरडं लोखंड खात नाहीत. सकाळपासून फिरतोय, यंत्र वाजलं ते फक्त पाटीच्या खांबापाशी. जाळ्या खोल गेल्या असणार. तेवढी खणायची परवानगी लिहून द्या."

साहेब यंत्र जप्त करायचं विसरूनच जीपमध्ये बसले.