राखवाडीची पुन्हाबाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शहरात तेव्हा सूर्यसुद्धा गिरणीचा भोंगा ऐकूनच उगवायचा, असं म्हणतात. त्या गिरणीच्या मागच्या अंगाला राखवाडी. बॉयलरची राख जिथे वर्षानुवर्षं टाकली, तिथेच माणसं राहायला आली, म्हणून राखवाडी. पुरुष मागावर जायचे, बाया घरी विड्या वळायच्या. कुणी तेलुगू बोलायचं, कुणी कानडी, कुणी उर्दू. भांडायचे मात्र सगळे मराठीत.

राखवाडीत नगरपालिकेची एक शाळा होती. शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. फळा होता, पण त्याला मधोमध एवढं भोक होतं, आणि मागची भिंतही तिथेच फुटलेली, की पलीकडे बांधलेली शेळी मुलांना बसल्या जागी दिसायची. मास्तर यायचे आणि दोन महिन्यांत बदली करून घ्यायचे. जाताना सगळ्यांना पास करून जायचे. "या पोरांना सही करता आली तरी गंगेत घोडं न्हालं," असं म्हणायचे. वस्तीलाही ते पटलं होतं.

मग एका वर्षी सुभद्रा आगवणे नावाच्या बाई आल्या. अंगाने किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक ओळ लिहायला सांगितली. मुलांनी जमेल तशी लिहिली आणि पाट्या पुढे केल्या. बाईंनी एकेक पाटी निरखून पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या,

"छान. आता पुन्हा."

मुलांनी पुन्हा लिहिलं. बाई पुन्हा हसल्या. "आणखी छान. पुन्हा."

शाळा सुटायच्या आत वस्तीने त्यांचं नाव ठेवलं होतं: पुन्हाबाई.

भोक पडलेल्या फळ्यावर काही बाईंचं भागेना. गिरणीची मागची भिंत चारशे पावलं लांब होती. बाईंनी मुलांकडून राख कालवून घेतली आणि भिंत काळीभोर करून टाकली. खडू नव्हते, तर चुन्याचे खडे गोळा केले. गिरणीचा वॉचमन धावत आला.

"ओ बाई, ही मालकांची भिंत आहे!"

"आतली बाजू त्यांची, बाहेरची आमची," बाई म्हणाल्या आणि त्याच्याही हातात एक खडा ठेवला. संध्याकाळपर्यंत वॉचमन आपलं नाव लिहायला शिकला, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो भिंतीची राखण करू लागला.

त्या भिंतीवर मुलं भागाकार एका टोकाला सुरू करायची आणि चालत चालत दुसऱ्या टोकाला संपवायची. पाढे तर अशा खणखणीत आवाजात म्हणायची, की आतल्या मागांनी आपला खटखटाट सोडून पाढ्यांचा ठेका धरला, असं म्हणतात. विणकर सांगायचे, एकोणतिसाच्या पाढ्याला धागा कधी तुटायचा नाही.

दुसऱ्या वर्षी नगरपालिकेचं पत्र आलं. राखवाडीच्या शाळेत शिकण्यासारखं काही नाही. परीक्षा घ्यायला साहेब येतील. चौथीची निम्मी मुलं नापास झाली, तर शाळा बंद करून मुलांना रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शाळेत पाठवावं. पत्र वाचून वस्तीत एकच प्रश्न फिरला. रूळ ओलांडून लेकी शाळेला कोण पाठवणार?

बाईंनी कंबर कसली. चौथीत नरसम्मा नावाची एक मुलगी होती. गणित ऐकलं की उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं, पण ते कसं आलं हे काही लिहायची नाही. बाई म्हणायच्या, "उत्तर बरोबर आहे, नरसू. पण तू कुठल्या वाटेने गेलीस ते मला दिसत नाही. पुन्हा." एके दिवशी असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा नरसम्माने पाटी दगडावर आपटली आणि ती घरी निघून गेली.

तीन दिवस ती आली नाही. बाईंना घास गोड लागेना. आपण लेकरांवर फार ओझं टाकलं का, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. चौथ्या दिवशी त्या नरसम्माच्या घरी गेल्या. नरसम्मा आई पोशम्माशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

"राहू द्या बाई तिला," पोशम्मा म्हणाली. "हात चांगला बसलाय तिचा."

बाई उंबऱ्यातच बसल्या. "नरसू, चुकलं माझं. उद्यापासून तुला सोपी गणितं देते."

नरसम्माने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते.

"सोपी? म्हणजे तुम्हीपण?"

"मीपण काय गं?"

"सगळे मला राहू दे, राहू दे म्हणतात. तुम्ही नका म्हणू." मग नाक पुसून ती रागाने म्हणाली, "पण नुसतं पुन्हा पुन्हा काय म्हणता? कुठं चुकलं तेपण सांगा की!"

 बाई पोट धरून हसल्या. "अगं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं!"

पोशम्माने लेकीच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, "जा."

त्या दिवसापासून बाई 'पुन्हा' म्हणण्याआधी मुलाशेजारी जमिनीवर बसायच्या आणि अडलेल्या जागेवर बोट ठेवायच्या. त्यांच्या सगळ्या लुगड्यांना मागे राखेचा डाग पडला आणि तो कधी निघाला नाही, असं म्हणतात.

परीक्षेचा दिवस आला. दिवटेसाहेब खुर्चीत बसले. भिंतीसमोर सगळी वस्ती जमली. साहेबांनी विचारलं, "बे दुणे किती?"

बाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, जरा अवघड विचारा. मुलं कंटाळतील."

साहेबांच्या भुवया चढल्या. "असं? मग ऐका. वीस हात खोल विहिरीच्या तळाशी एक बेडूक आहे. रोज दिवसा पाच हात चढतो, रात्री चार हात खाली घसरतो. कितव्या दिवशी बाहेर येईल?"

"सोळाव्या," नरसम्मा म्हणाली.

"चूक. दिवसाकाठी एकच हात वर जातो. वीस हाताला वीस दिवस."

  नरसम्माच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"छान, साहेब. आता पुन्हा."

बाईंनी डोळे मिटून घेतले. नरसम्माने मात्र खडा उचलला, भिंतीवर वीस रेघांची विहीर काढली आणि साहेबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. एका रेघेकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं अडलंय तुमचं. पंधरा दिवसांनी बेडूक या पंधराव्या रेघेवर. सोळाव्या दिवशी पाच हात चढला, की काठावर. बाहेर पडल्यावर कशाला घसरेल तो?"

साहेब उठले. खडा हातात घेऊन त्यांनी गणित स्वतः मांडून पाहिलं. कुणी म्हणतात तीनदा, कुणी म्हणतात सात वेळा. मग ते असे हसले, की गिरणीवरची कबुतरं उडाली.

"बावीस वर्षं मी हे गणित शाळाशाळांतून घालतोय," ते म्हणाले. "सगळे वीस म्हणाले, आणि मी सगळ्यांना बरोबर म्हणालो!"

चौथीच्या अठ्ठावीस मुलांपैकी सव्वीस पास झाली. उरलेल्या दोघांना बाई काय म्हणाल्या, ते तुम्हीच ओळखा. शाळा राहिली. पुढच्या वर्षी तर रुळांपलीकडचीच मुलं राखवाडीत यायला लागली.

बाईंनी तिथे एकवीस वर्षं शिकवलं. नरसम्मा पुढे धरणं बांधणारी इंजिनिअर झाली, असं काही म्हणतात. काही म्हणतात, मोठ्या कॉलेजात गणित शिकवायची. काय झाली ते असो, पोशम्माला तिने म्हातारपणी पेपर वाचायला शिकवलं, हे मात्र पाहिलेली माणसं आहेत.

आता गिरणी नाही, बाईही नाहीत. शाळा पक्की झाली, सहा खोल्यांची. पण राखवाडीने बाईंच्या नावाने एक रीत धरून ठेवली आहे. शाळेत कुणीही पाहुणा येवो, नगरसेवक असो की मोठा अधिकारी, आधी त्याला एका मुलाने घातलेलं गणित सोडवावं लागतं. त्याशिवाय चहा मिळत नाही.

गेल्या वर्षी एक आमदार आले होते. दुसरीतली एक चिमुरडी त्यांच्यासमोर पाटी घेऊन उभी राहिली. आमदार चुकले, खोडलं, घाम पुसला. चहा तीनदा गरम करावा लागला. शेवटी एकदाचं उत्तर आलं आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने स्वतःच्या हाताने त्यांना कप दिला, पहिला घोट होऊ दिला आणि विचारलं,

"आता अवघड घालू?"