जाळ्यापुढचा धूप

भाविकहो, नांदखाडी हे समुद्रकाठी वसलेले ख्रिस्ती कोळ्यांचे गाव. तिथल्या चर्चमागे, माडांच्या सावलीत, मथायस महाराजांची झोपडी होती. अंगावर जाडीभरडी कफनी, मिळेल ती भाकरी आणि बोलणे मोजके. म्हणून कोळी त्यांना प्रेमाने महाराजच म्हणत.

पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात उतरणार होत्या. आदल्या रविवारी महाराजांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा इशारा सांगितला. "माणूस जाळं भरून मासळी ओढतो, पोट भरतो, आणि देणाऱ्याला विसरून जाळ्यालाच धूप दाखवतो. आजही तेच चाललंय. कुणाचं जाळं दुकानात असतं, कुणाचं कचेरीतल्या खुर्चीत."

गावातल्या सर्वांत मोठ्या बोटीचा धनी पास्कोल तांडेल मोठ्याने हसला. "मग चुकलं काय? बंगला मला जाळ्यानंच दिला की!"



पास्कोल मोठा हट्टी! दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम नव्या जाळ्याला झेंडूची माळ घातली, पुढे धूप जाळला आणि खलाशांना हात जोडायला लावले. सगळ्यांनी जोडले. एक बस्त्याव नावाचा खलाशी तेवढा हात न जोडता उभा राहिला.

"काय रे, महाराजांचं वारं लागलं वाटतं?" पास्कोलने विचारले.

"मालक, यातल्या गाठी मीच मारल्यात. माझ्याच गाठींना हात कसे जोडू?"

खलाशी फिदीफिदी हसले. पास्कोल म्हणाला, "मासळी कमी आली, तर आज तुझा शेवटचा दिवस." बस्त्यावच्या घरी चार तोंडे खाणारी होती. तरी त्याने हात जोडले नाहीत.

भर समुद्रात वारा फिरला आणि जाळे पाण्याखालच्या खडकात अडकले. लाटा वाढल्या. दोर ताणला गेला, बोट मागून खचू लागली, पाणी आत आले.

"दोर कापा!" खलाशी ओरडले.

"खबरदार! जाळं गेलं तर मी मेलो!" पास्कोल आडवा उभा राहिला. तेवढ्यात दोराचा वेढा त्याच्याच पायात बसला आणि जाळे त्याला फरफटत पाण्याकडे ओढू लागले. आता बोला! सकाळी धूप खाल्लेले दैवत थोडेच ऐकणार?

बस्त्याव धावला. त्याच्या कमरेला मासळी साफ करायची बोथट सुरी होती. दोर मनगटाएवढा. "प्रभू, सोडव!" म्हणून त्याने एकच घाव घातला. काय नवल! दोर काकडीसारखा तुटला. जाळे बुडाले, बोट सरळ झाली आणि सगळे जिवंत काठाला लागले.

पास्कोल झेंडूची नवी माळ आणि धूपदान घेऊन लंगडत महाराजांच्या झोपडीकडे गेला. मागून बस्त्याव होता. महाराज दारात बसले होते. त्यांच्या उजव्या तळव्याला फडके बांधलेले होते आणि ते रक्ताने भिजले होते.

"दोर फार जाड होता, पास्कोल," महाराज म्हणाले.

पास्कोलला हुंदका आवरेना. तो माळ त्यांच्या गळ्यात घालू लागला, तसे महाराज झटकन मागे सरले.

"अरे, सकाळी एक दैवत बुडालं. दिवस मावळायच्या आत दुसरं शोधलंस?"

"मग वाकू तरी कुणापुढे?"

"बस्त्यावनं कुणाला हाक मारली, ते त्यालाच विचार."

पास्कोलने माळ आणि धूपदान खाली ठेवले. तो वळला आणि आपल्याच खलाशाला हलक्या आवाजात म्हणाला, "बस्त्याव, मला म्हणायला शिकव."

दोघे वाळूत गुडघ्यांवर बसले. पास्कोलने मान खाली घातली, रिकामे हात जोडले आणि बस्त्यावच्या मागोमाग म्हटले, "प्रभू, सोडव."