चिरेगावच्या वेशीत अधांतरी राहिलेली कावड

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही, आणि वाटू नयेच. मीच ऐकणारा असतो तर सांगणाऱ्याला तोंडावर लबाड म्हणालो असतो. पण तुम्ही कावडी घेऊन शंभूच्या डोंगराला निघालेले लोक, भर दुपारी चिरेगावच्या वेशीत टेकलात, आणि या कमानीखालची हकिगत न ऐकता पुढं गेलात तर देव तुम्हाला विचारील, वाटेत डोळे मिटून चालत होतात का?

तर याच वेशीच्या आत, डाव्या हाताला जो दगडी ओटा दिसतो, त्यावर अवजीनाथ महाराज बसत. महाराजांचे दोन्ही पाय वातानं आखडलेले. सकाळी भक्त त्यांना उचलून ओट्यावर आणत, दिवे लागायच्या आत उचलून मठीत नेत. महाराज मोठे रागीट. पोथ्यांतून लिहितात, संत रागावतात ते लोकांच्या भल्यासाठी. तसं काही नाही. महाराज रागावत ते राग आला म्हणून. भाकरी घेऊन येणारी माणसंसुद्धा ती ओट्याच्या टोकाला ठेवून दोन हात मागं उभी राहत. पण भाकरी आणायचं कुणी सोडलं नाही, कारण महाराजांचा राग उगाच कुणावर निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गाव तेव्हा भरात होतं. तट धड होता, गढीवर निशाण होतं, आणि तुम्ही आता जिच्या पायऱ्यांवर पाय धुऊन आलात ती बारव काठोकाठ भरलेली असे. एका अंगाला तट, दुसऱ्या अंगाला दरड. डोंगराची वाट वेशीतूनच. म्हणून गढीचे मालक रायाजीराव इनामदार स्वतःला देवाचे दारवान समजत. त्यांची तांब्याची थोरली कावड वाजतगाजत वेशीबाहेर पडली, की मग बाकीच्यांनी निघायचं, असा त्यांचा मान.

त्या वर्षी चैत्रात नदीकाठच्या गावाहून साळूबाई आली. कावड वाहायची ती तिच्या नवऱ्यानं, राणूनं. मुलगी तापातून उठली तेव्हा तो शंभूला पाण्याचा नवस बोलला होता, आणि पाणी घालायच्या आधीच माघात तो गेला. नवस राहिला बाईच्या गळ्यात. तांब्याच्या घागरी कुठल्या? बांबूच्या दांडीला दोन मडकी बांधली आणि निघाली. नियम तुम्हाला ठाऊकच आहे. नदीतून भरलेलं पाणी देवाच्या माथ्यावर पडेपर्यंत कावड भुईला टेकवायची नाही. टेकली की नवस मोडला. दमलात तर दुसऱ्याच्या खांद्यावर द्या, नाहीतर लाकडी टेकूवर ठेवा. साळूबाईजवळ टेकू नव्हता. वाटेनं कुणी ना कुणी खांदा देत गेलं, तशी ती चिरेगावपर्यंत आली. आणि मान वगैरे ठाऊक नसल्यानं थेट कमानीत शिरली.

रायाजीराव समोरच उभे होते. म्हणाले, "काय गं, मडकी घेऊन देवाला निघालीस की बाजाराला?"

"देवालाच, मालक. पाणी तेच हाय. मडक्यातलं असलं म्हणून देवाला खारट लागंल व्हय?"

चारजण हसले. ते हसले नसते तर पुढचं टळलं असतं. इनामदाराला बाईचं बोलणं सोसलं असतं, लोकांचं हसणं सोसलं नाही.

"दार लावा," ते म्हणाले. "आमची कावड ऊन उतरल्यावर निघेल. तोवर ही इथंच उभी राहील. आणि ऐका सगळे. हिला जो खांदा देईल, टेकू देईल, त्याच्या घरचा पोहरा बारवेत उतरणार नाही. बाहेरगावच्या कुणी दिला, तर त्याची कावड या वेशीतून जाणार नाही."

कोतवालानं दार लावलं. साळूबाई उभी राहिली.

ऊन डोक्यावर आलं. बाईनं दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, मग परत या खांद्यावर. चोळी घामानं भिजली, मग खांद्याजवळ लाल झाली. बाहेरगावच्या कावडी टेकूंवर ऐसपैस टेकलेल्या, त्यांची माणसं सावलीत बसून भाकरी खात होती आणि बाईकडं पाठ करून बसली होती. खाली बघून बाई सारखं एवढंच पुटपुटत होती, "भुईला टेकू दिऊ नगंस रं, टेकू दिऊ नगंस."

महाराज ओट्यावर बसून हे बघत होते. पाय असते तर ते कधीच उठले असते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि दोन्ही वेळा ओट्यावर कोसळले. मग त्यांचा आवाज फुटला.

"अरे खांदे कशाला दिलेत तुम्हाला? मेल्यावर चौघं धावत येता, आणि जित्या बाईला एक खांदा मिळत नाही? पाणी बंद होईल म्हणून भ्यालात? आलेत मोठे तहानेले. तुमची पोरं हीच गोष्ट ऐकतील आणि विचारतील, तेव्हा तुम्ही कुठं होता? सांगा, भाकरी खात होतो."

कुणी उठलं नाही. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, "महाराज, घरात लेकरंबाळं हायेत."

"त्या बाईच्या घरात काय मांजरं आहेत?"

इनामदार हसून म्हणाले, "महाराज, एवढा कळवळा असेल तर तुमच्या देवालाच सांगा की खांदा द्यायला."

यावर महाराजांनी माणसांशी बोलणं सोडलं. डोंगराकडं तोंड केलं आणि देवाला धारेवर धरलं. ते मी तुम्हाला सगळं सांगू शकत नाही, बायाबापड्या बसल्यात. त्यातलं सोवळं तेवढं सांगतो.

"ए शंभू, पाणी तुझ्या डोक्यावर पडायचंय. माझ्या नाही. बोलावून घेतोस, मढं घरातून उठवतोस आणि नवस बाईच्या मानेवर टाकतोस. लाज असेल तर ये आणि धर. नसेल तर उद्यापासून या ओट्यावर बसून मी तुझं नाव घेणार नाही. तुला ओळखतच नाही म्हणून सांगेन."

एवढ्यात साळूबाईचा गुडघा वाकला. दांडी सरकली, पुढचं मडकं भुईच्या दिशेनं निघालं. पाहवेना म्हणून सगळ्या वेशीनं डोळे मिटले.

मडकं फुटल्याचा आवाज आला नाही.

डोळे उघडले तर साळूबाई भुईवर बसलेली, आणि कावड तिच्या शेजारी उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, नुसती हवेत. खाली टेकू नाही, वर दोर नाही. मडकी संथ डोलताहेत, थेंबसुद्धा सांडलेला नाही. महाराजांच्या रागापुढं देव आला होता, मंडळी. येऊन मुकाट्यानं उभा राहिला होता.

रायाजीराव गोरेमोरे झाले. "तार असेल," म्हणाले. "केस असेल घोड्याचा." दांडीवरून हात फिरवला, काही लागलं नाही. मग खालून बघावं म्हणून वाकून आत शिरले. आता कावडीच्या गावचा माणूस तो. डोक्यावर दांडी दिसली की खांदा आपोआप तिच्याखाली जातो. तसा गेला. आणि खांदा लागताक्षणी सगळं वजन त्यांच्यावर उतरलं.

आता करता काय? सोडावी तर बाईचा नवस इनामदारानं स्वतःच्या हातानं भुईला मिळवला, असं पंचक्रोशी म्हणणार. धरावी तर धरली. कोतवाल चाचरत पुढं आला.

"मालक, खांदा दिलात आपण. म्हणजे आता गढीचा पोहरा..."

"दार उघड आधी," रायाजीराव म्हणाले.

पण आवाजात आता गुर्मी नव्हती. वजन खांद्यात शिरत होतं, आणि समोर बसलेल्या बाईचा सोललेला खांदा त्यांना पहिल्यांदाच धड दिसत होता. ते तसेच ओट्यापुढं आले. कावडीमुळं वाकता येईना, नुसती मान खाली गेली.

महाराजांचा राग अजून उतरला नव्हता. ते म्हणाले, "माझ्यापुढं मान घालून काय उपयोग? पाणी पोचव. आणि पाया पडायचं तर तिच्या पड."

तांब्याची थोरली कावड त्या वर्षी मागं राहिली. रायाजीरावांनी मडक्यांची कावड अनवाणी डोंगरावर नेली, साळूबाईच्या हातानं पाणी देवाच्या माथ्यावर पडलं, आणि तिथं पायरीवर, सगळ्या कावडींच्या देखत, इनामदारानं त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं. परतल्यावर महाराजांच्या पायांवर ठेवलं ते वेगळंच.

अशी ही कमान, मंडळी. इथं देव अधांतरी उभा राहिला. हात जोडा.

मंडळींनी जोडले. कमानीच्या पलीकडं, उन्हात बसलेल्या ठकूबाईंनी जोडले नाहीत. त्या वेशीबाहेरच्या वस्तीतल्या, दरवर्षी गोष्ट ऐकायला येतात आणि न बोलता उठून जातात.

"खोटं हाय," त्या म्हणाल्या.

"काय खोटं, ठकूबाई?" मी विचारलं.

"कावड अधांतरी न्हवती. खाली माणूस व्हता. माझ्या सासऱ्याचा आजा, सटवा. वेस झाडायचा. तुमच्या लोकांनी डोळं मिटलं तवा त्यानं खांदा घातला. डोळं उघडल्यावर त्यो सगळ्यांना दिसला. पर दिसला म्हणावं, तर पाणी बाटलं म्हणावं लागलं असतं. म्हणून देव आला म्हणाले."

मी म्हणालो, "पण बाई, इनामदाराचा हुकूम होता. खांदा देणाऱ्याचा पोहरा बारवेत उतरणार नव्हता. एकटा सटवाच कसा भ्याला नाही?"

"आमचा पोहरा त्या बारवेत कवा उतरत व्हता?" ठकूबाई म्हणाल्या.