रावसाहेबांनी पारखलेली भेंडी

वाईच्या मंडईत रावसाहेब बेलसरे आले की भाजीवाले धास्तावायचे. निवृत्त मामलेदार, त्यांना बोलायचं कोणी? एकेका भेंडीचं टोक मोडून बघत आणि शेवटी घेत पाव किलोच. टोक मोडलेली बाकीची मग कोणी घेत नसे.

एका सकाळी त्यांनी ठकूबाईचा अख्खा ढीग तपासला. कट्कन मोडली ती डावीकडे, नुसती वाकली ती उजवीकडे. तेवढ्यात ओळखीचे वकील भेटले आणि भाजी कशी पारखावी ते रावसाहेब त्यांना समजावत बसले.

ठकूबाईने हाक दिली, "या बायांनो, खुद्द रावसाहेबांनी पारखलेली कोवळी भेंडी." डावा ढीग बघता बघता संपला.

रावसाहेब वळले. "माझी पाव किलो?"

"तुमच्या नावावर सगळी खपली," ठकूबाई म्हणाली. "ही जून तेवढी उरली. पण तुम्हीच नापास केलेली तुम्हाला कशी देऊ?"

रावसाहेब ओशाळले. तेव्हा तिने टोपलीमागे राखून ठेवलेली पाव किलो कोवळी भेंडी काढली आणि त्यांच्या पिशवीत टाकली.

"उद्या जरा लवकर या," ती म्हणाली. "गवारही निवडायची आहे."